आवडीचं मानधन

"पुस्तकं आवडतात का?"

पंख्यानं उडू नये म्हणून माझ्या अर्जावर स्टेपलर ठेवत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं. अंधेरीतलं एक महाविद्यालय, २०१४ चा जून. एम.लिब.चा शेवटचा पेपर देऊन महिना झाला होता. निकाल लागायचा होता, पण बी.लिब.चं प्रमाणपत्र हातात होतं आणि त्यांना तेवढंच पुरणार होतं. मी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकून म्हणाले, "हो मॅडम, खूप!" आणि शाळेपासून काय काय वाचलं त्याची यादीच सांगायला लागले. बाई कौतुकानं ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "छान. मग तुम्हाला इथे करमेल. सध्या मात्र आम्ही फार काही देऊ शकणार नाही."

त्या बोलण्यातला 'मग' मला त्या दिवशी ऐकूच आला नाही. तो ऐकू यायला बरेच महिने लागले.

घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू होऊन तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता. पहिला महिना कुठूनही कुठेही दहा रुपये. एरवी घाटकोपरहून अंधेरीला जाणारी बस असल्फा आणि साकीनाका या दोन ठिकाणी माणसाच्या संयमाची परीक्षा घ्यायची. आता तेच साकीनाका लोक वरून, गारव्यात उभं राहून, मोबाइलवर टिपत होते. मला वाटलं, आपलं नशीबही बरोब्बर वेळेवर रुळावर आलंय. मुलुंडला घरी पोचेपर्यंत मी पहिल्या पगारात आईला काय आणायचं हेही ठरवलं होतं.

बाबा एलबीएस मार्गावरच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, त्या जागी टॉवर उभे राहिले आणि बाबा त्यातल्याच एका सोसायटीत हिशेब लिहायला जाऊ लागले. पुस्तकांशी माझी गाठ पडली ती महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात, आजोबांच्या कार्डावर. इतिहासात बी.ए. झाल्यावर आत्यानं सुचवलं, "बी.लिब. कर. शाळा, कॉलेज, बँक, सरकार, सगळीकडे लायब्ररी असते. बसून काम, आणि बाईमाणसाला बरं." तिच्या काळात ते खरंही असेल. मी कुर्ल्याला उतरून कलिन्याची बस पकडत विद्यानगरीत दोन वर्षं काढली.

त्या दोन वर्षांत जगातल्या प्रत्येक विषयाला एक अंक असतो हे शिकले. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात अख्खं मराठी साहित्य ८९१.४६ या एवढ्याशा फटीत बसवलेलं आहे. कादंबरी हवी तर शेवटी ३ लावायचा. नोकरी कशी मिळवावी यावरच्या पुस्तकांचाही अंक आहे, ६५०.१४. त्या पावसाळ्यात मी त्या रॅकपाशी बराच वेळ उभी असायचे. टाय कसा बांधावा, हात किती घट्ट मिळवावा, पाच वर्षांनी आपण कुठे असू हे कसं सांगावं, सगळं होतं. "पद मंजूर आहे, पण भरती बंद आहे" या वाक्यावर काय बोलावं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आणि ते वाक्य मला बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळालं. अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपालाचं पद असतं. त्याला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. जुने ग्रंथपाल निवृत्त होतात, पद रिकामं होतं, ते भरायची परवानगी येत नाही, म्हणून 'चार्ज' कुणा प्राध्यापकाकडे किंवा लिपिकाकडे दिला जातो. खालची सहायक, लिपिक, परिचर ही शिक्षकेतर पदं तर त्याहून मुकी. रॅकवरचं एखादं पुस्तक बांधणीला गेलं की त्याच्या जागी आम्ही पुठ्ठ्याचा तुकडा उभा करतो, आजूबाजूची पुस्तकं कलंडू नयेत म्हणून. रिक्त पद म्हणजे तो पुठ्ठा. जागा धरून ठेवतो, वाचता येत नाही.

काम मात्र रिकामं राहत नाही. अंधेरीच्या त्या महाविद्यालयात मूल्यांकनासाठी नॅकची समिती यायची होती आणि त्याआधी हजारो पुस्तकं संगणकावर चढवायची होती. त्यासाठी मी तीन महिन्यांची, महिना सहा हजारांवर.

दाखल नोंदवही मी तिथे पहिल्यांदा खरी पाहिली. वर्गात तिचे रकाने पाठ केले होते: दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत, विक्रेता, बिल क्रमांक, शेरा. प्रत्यक्षातली वही दोन हातांनी उचलावी लागायची आणि उघडली की तिच्यातून जुन्या शाईचा आणि डांबरगोळ्यांचा एकत्र वास यायचा. पाच ग्रंथपालांची अक्षरं होती. कुठे निळी शाई संपून काळी सुरू व्हायची, तिथे कुणीतरी निवृत्त झालेलं असायचं. सगळ्यात बोलका रकाना शेऱ्याचा. 'गहाळ', 'निर्लेखित', 'बांधणीला'. १९९१ साली बांधणीला गेलेली काही पुस्तकं अजून बांधणीलाच होती.

तिथले परिचर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, वर्गांक वाचत नसत. त्यांना पुस्तक विचारलं की ते डोळे मिटून सांगायचे, "खिडकीकडचं कपाट, खालून दुसरा खण, लाल पाठ." नव्वद टक्के वेळा तिथेच असायचं. मी बारकोड चिकटवायचे, 'कोहा'त नोंद करायचे. कोहा ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली मोफत ग्रंथालय प्रणाली, आणि मामा तिला 'कोण हा' म्हणायचे. मी टाइप करायचे तेव्हा ते शेजारी उभे राहून पुस्तकाच्या पाठीवरून फडकं फिरवायचे. शेवटचे पंधरा दिवस आम्ही रात्री आठपर्यंत थांबलो. जास्तीच्या तासांचे पैसे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. आपल्याला आवडतंय की!

समिती आली, चहा-सामोसे झाले, समिती गेली. पुढच्या सोमवारी ऑफिसात सांगण्यात आलं, "पद निघालं की कळवू." मी अनुभवाचं प्रमाणपत्र मागितलं. ते चार दिवसांनी मिळालं. त्यात लिहिलं होतं की, कुमारी अमुक यांना पुस्तकांची आवड असून त्यांनी आमच्या ग्रंथालयाच्या कामात मनापासून सहकार्य केलं. पद नव्हतं, म्हणून पदाचं नाव नव्हतं. नेमणूक नव्हती, म्हणून तारखा नव्हत्या. पुढच्या मुलाखतीत ते प्रमाणपत्र पुढे केलं, तर समोरच्या गृहस्थांनी ते वाचून परत दिलं. "हा अनुभव धरता येणार नाही. हे कौतुक आहे."

घाटकोपरच्या एका शाळेत गेले. हजाराच्या वर विद्यार्थी असतील तर पूर्णवेळ ग्रंथपाल, कमी असतील तर अर्धवेळ, असा तेव्हा अनुदानित शाळांचा हिशेब होता. इंग्रजी शाळांच्या ओढीनं या मराठी शाळेतल्या तुकड्या एकेक करून मिटत चाललेल्या, त्यामुळे तिथला हिशेब हजारावरून कधीच खाली आला होता. अर्धवेळ बाई आधीच होत्या. ग्रंथालय कुलूपबंद कपाटांचं होतं आणि 'लायब्ररीचा तास' म्हणजे ज्या तासाला शिक्षक आलेले नाहीत तो तास. मुख्याध्यापकांनी चहा दिला आणि विचारलंच, "वाचनाची आवड आहे ना? मग मुलांना गोष्टी सांगायला येत जा शनिवारी." हा दुसरा 'मग'. हाही माझ्या कानावरून गेला. मी चार शनिवार गेलेसुद्धा.

त्यानंतर पश्चिम उपनगरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल हवा असल्याचं कळलं. संध्याकाळची वेळ. पेपर वाचायला आलेले आजोबा, दिवाळी अंकांचे गठ्ठे, भिंतीवर संस्थापकांची तसबीर. कार्यवाह सत्तरीचे, बँकेतून निवृत्त. त्यांनी माझा अर्ज नीट वाचला आणि एका जुन्या पावतीची पाठ काढून त्यावर भागाकार मांडला.

"हे बघ पोरी. १९६७ चा कायदा, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम. त्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग. आम्ही क. वर्षाला अनुदान शहाण्णव हजार. त्यातलं निम्मं पगारावर खर्चायचं, निम्मं पुस्तकं, वीज, भाडं यावर. निम्मे म्हणजे अठ्ठेचाळीस. भागिले बारा." त्यांनी खाली रेघ मारली. "चार हजार. तेही एकट्या ग्रंथपालाचे नाहीत. ड वर्गाला तर वर्षाला तीस हजार. त्यांचा भागाकार तू कर."

मी केला. महिना बाराशे पन्नास.

"तुला पुस्तकं आवडत असणार, ते तोंडावर दिसतंय. म्हणून मी विचारत नाही," ते म्हणाले. "सभासद म्हणून ये. वर्गणी भर, हवी ती पुस्तकं ने. नोकरीला येऊ नकोस."

इतक्या मुलाखतींत तो प्रश्न न विचारणारे ते पहिलेच. त्यांच्या पाठीमागे एक बाई देवघेवीच्या टेबलावर पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होत्या. जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग केलेल्या, एकोणीस वर्षं तिथेच. त्या माझ्याकडे बघून हसल्या. "यांचा पगार आहे, म्हणून मला जमतं," असं म्हणताना त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, नुसती मान घराच्या दिशेला वळवली. परतीच्या लोकलमध्ये माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. राज्यातल्या अनुदानित वाचनालयांची संख्या हजारांत सांगतात. त्यांतली कितीतरी सरकारच्या अनुदानावर कमी आणि कुणाच्यातरी नवऱ्याच्या पगारावर जास्त चालत असतील.

पुढे २०२२ मध्ये हे अनुदान साठ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. मी बातमी वाचता वाचता पेपरच्या कोऱ्या कडेवर तोच भागाकार पुन्हा केला. ड वर्गाचं उत्तर दोन हजार आलं.

यात खलनायक शोधायला मी तेव्हा फार उत्सुक होते, पण सापडला नाही. आपली वाचनालयं उभीच राहिली ती फुकटच्या कष्टांवर. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. कचेरीतून आल्यावर कंदील लावून बसणारी, दारोदार पुस्तकं आणि वर्गणी मागणारी माणसं होती म्हणून मराठी वाचकाला घर मिळालं. माझ्या आजोबांचं कार्ड त्याच परंपरेतलं. पण या परंपरेची सावली अशी पडली की, संस्थापकांनी जे स्वेच्छेनं केलं तेच टेबलामागे बसणारीनंही करावं असं सगळ्यांना आपोआप वाटतं. तिला जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. आपल्या भाषेत हा शब्द फार सोयीचा आहे. धन कमी पडलं की मानाकडे बोट दाखवता येतं.

२०१४ च्या दिवाळीनंतर मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात कामाला लागले. कचेऱ्यांच्या जुन्या फायली स्कॅन करून द्यायचं काम. मुलाखत पाच मिनिटांची. पुस्तकांबद्दल एक शब्द नाही. टायपिंगचा वेग किती, रात्रपाळी चालेल का, बस. पगार दहा हजार आणि तो सात तारखेला खात्यात यायचा. वाचनाशी काडीचा संबंध नसलेल्या त्या जागेनं मला माझ्या व्यवसायातला पहिला नियमित पगार दिला.

काम दिसायला सोपं होतं. फाइल सोडायची, गंजलेल्या टाचण्या आणि पिना काढायच्या, पानं सरळ करायची, मशीनखाली ठेवायची, पुन्हा बांधायची. काही टाचण्या कागदातच विरघळलेल्या असायच्या. ओढली की पानाचा कोपरा हातात. दिवसाला ठरलेली पानं झालीच पाहिजेत. घडी घातलेलं पान उलगडायला वेळ जातो, म्हणून काही पोरं ते घडीसकट स्कॅन करायची. आकडा तर भरायचा.

संगणकावर प्रत्येक फायलीसमोर एक 'विषय' म्हणून रकाना होता. त्यात फक्त फाइल क्रमांक पुन्हा टाकायचा, असा दंडक होता. मला ते सहन होईना. लाखो पानं तबकड्यांवर जाणार आणि आत काय आहे ते कुणालाच शोधता येणार नाही, म्हणजे आपण कागद वाचवत नव्हतो, फक्त वाळवीच्या तोंडून काढून दुसऱ्या अंधारात ठेवत होतो. जेवणाच्या सुट्टीत मी काही फायलींचे विषय भरू लागले. 'नळजोडणी', 'रस्तारुंदी, हरकती', 'स्मशानभूमीची जागा'. आठवड्यानं सुपरवायझरच्या लक्षात आलं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, कॉमर्सचा मुलगा. रागावला नाही, त्याला खरंच कळेना. "दीदी, क्लायंटनं मागितलंय का? बिलात लावता येणार आहे का? मग कशाला?"

हा तिसरा 'मग', आणि हा मात्र कानात शिरला. महाविद्यालयातल्या बाई, शाळेचे मुख्याध्यापक आणि हा मुलगा तिघंही मला एकच सांगत होते, फक्त यानं ते हिशेबाच्या भाषेत सांगितलं. आवडीनं केलेलं काम बिलात लागत नाही. बिलात नसलेल्या कामाला पद नसतं. पद नसलेल्या कामाचा अनुभव धरत नाहीत. माझ्या प्रमाणपत्राचा सगळा प्रवास त्यानं तीन प्रश्नांत मांडला होता. त्या दिवशी मी रकान्यात फाइल क्रमांक टाकला आणि जेवणाच्या सुट्टीत जेवले.

त्याच सुमाराला काळा घोड्याला जायला लागले. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे. १८२१ साली सुरू झालेल्या कागदखान्याचा वारसा. तिथल्या मोडीच्या प्रशिक्षणात नाव घातलं. मोडी म्हणजे आधी कागदभर आडव्या रेघा, मग त्यांना लटकत जाणारी अक्षरं. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, हात उचलायचा नाही. पहिला आठवडा ते पान म्हणजे मुंग्यांची रांग वाटायची. दुसऱ्या आठवड्यात त्यात 'राजश्री' दिसलं आणि पुढच्या मुंग्या आपोआप उभ्या राहिल्या. जुने कागद चौकोनी कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. रुमालाची गाठ सोडताना सगळे आवाज खाली आणतात, कुणी सांगितलेलं नसताना.

ग्रंथालय आणि अभिलेखागार यांतला फरक परीक्षेत मी दहा गुणांसाठी लिहिला होता. तिथे तो बोटांना कळला. आमच्याकडचं पुस्तक हरवलं तर त्याची भावंडं दुसऱ्या वाचनालयात असतात. रुमालातल्या कागदाला भावंड नाही. विक्रोळीचं गोदरेज अर्काइव्हज परवानगी काढून पाहून आले, तेव्हाही हेच जाणवलं. मुलुंडहून चार स्टेशनांवर, २००६ पासून, एक कंपनी आपले जुने नकाशे, पत्रं, जाहिराती, कामगारांच्या आठवणी नेमलेल्या माणसांकडून जपून घेतेय आणि आम्ही वर्षभर त्याच रेल्वेनं डोळ्यांसमोरून जात होतो.

पुराभिलेखात भरती निघालेली नव्हती. पण मुलुंडमध्ये बातमी पसरली की मुलगी मोडी वाचते. आमच्याच इमारतीतल्या काकांनी कोकणातल्या जमिनीचं गहाणखत आणलं. मी वाचून, बाळबोधीत उतरवून दिलं. ते पेढे घेऊन आले. मी पेढे घेतले आणि, छाती धडधडत असताना, "काका, पानाचे दोनशे होतील," म्हणाले. काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खिशात हात घातला. त्यांना वाईट वाटलं नव्हतं. त्यांना फक्त कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पुढे २०२३ च्या उत्तरार्धात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध झाली. इतकी वर्षं छंद समजलं गेलेलं ते वाचन रातोरात निकडीचं झालं. रुमाल होते तिथेच होते. वाचणारे मात्र कुणी नेमून ठेवलेले नव्हते.

याच काळात रंगनाथनांची गोष्ट मी नीट वाचली. वर्गात ते मला भेटले होते ते ग्रंथपाल दिनाच्या, १२ ऑगस्टच्या, हारातल्या फोटोत आणि ग्रंथालयशास्त्राच्या १९३१ च्या पाच सूत्रांत. पण ते नोकरीला कसे लागले, ते अभ्यासक्रमात नव्हतं. १९२३ मध्ये मद्रास विद्यापीठानं ग्रंथपालाचं पद काढलं. अर्ज आले नऊशे. रंगनाथन गणिताचे शिक्षक; ग्रंथालयशास्त्राचं त्यांचं ज्ञान म्हणजे मुलाखतीच्या आधी ब्रिटानिकात वाचलेला एक लेख. निवड झाली, १९२४ च्या जानेवारीत ते रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत तिथल्या एकांताला इतके कंटाळले की, माझी गणिताची नोकरी परत द्या म्हणून विद्यापीठाकडे गेले. विद्यापीठानं तोड काढली: आधी लंडनला जाऊन ग्रंथालयांचं काम पाहून या, तरीही नको वाटलं तर गणित आहेच. ते गेले, शंभरेक ग्रंथालयं पाहिली, शिकून आले आणि गणिताकडे परत गेलेच नाहीत.

मी ती गोष्ट त्या रात्री दोनदा वाचली. भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या जनकाला कुणी पहिल्या महिन्यात विचारलं असतं, इथे आवडतं का, तर उत्तर नाही असं आलं असतं. त्यांना आधी पद मिळालं, पगार मिळाला, शिकायला पाठवलं गेलं. आवड नंतर आली, कामातून आली. आम्हाला मात्र दारातच आवड तारण ठेवायला सांगतात.

आणि मग नोकरी लागली, ती वर्तमानपत्रातून नाही. महाविद्यालयांना पुस्तकं पुरवणाऱ्या वितरकाचा एक माणूस असतो. पाठीवर पिशवी, हातात बिलांची फाइल, दहिसरपासून अंधेरीपर्यंतची वीस-पंचवीस ग्रंथालयं त्याच्या पायाखालची. कुठले ग्रंथपाल कधी निवृत्त होणार, कुणाची बदली, कुठली संस्था नवा कोर्स काढतेय, सगळं त्याला प्राचार्यांच्या आधी कळतं. अंधेरीच्या मामांनी त्याच्याकडे माझा नंबर देऊन ठेवला होता, मला न सांगता. २०१५ च्या डिसेंबरात त्याचा फोन आला. "मॅडम, बोरिवलीला सहायकाची जागा निघतेय. अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट. उद्याच जा, परवा गर्दी होईल."

तीन जणांचं मंडळ. दुसराच प्रश्न तो आला. "पुस्तकं आवडतात का?"

"आवडतात," मी म्हणाले. "पण ती मी घरी वाचेन. इथे मी वाचकांना हवं ते शोधून देईन, नोंदी नीट ठेवीन आणि वर्षाची पडताळणी वेळेत करून देईन. नेमणुकीचं पत्र कोणत्या पदाचं असेल आणि वेतन किती?"

हे लिहिताना मी फार धीट वाटते. तशी नव्हते. त्या महिन्याचा स्कॅनिंगचा पगार सात तारखेला खात्यात आला होता; ते बोलणं त्या दहा हजारांचं होतं. खिसा रिकामा असताना मी हेच वाक्य उच्चारू शकले नसते, आणि म्हणून ज्या मुली ते उच्चारत नाहीत त्यांना मी आता भित्र्या म्हणत नाही.

पत्र मिळालं. पदाचं नाव होतं, तारखा होत्या, 'वेतन' हा शब्द होता. तेव्हापासून मी बोरिवलीलाच आहे. मधल्या काळात सेट झाले. कंत्राटाचा अकरा महिन्यांचा घाट दरवर्षी चढावा लागतो, एका दिवसाचा खंड देऊन पुन्हा नवं पत्र. आमच्या रॅकवरचा तो पुठ्ठा अजून उभाच आहे. मी त्याच्या शेजारी उभी राहून काम करते.

गेल्या वर्षी पडताळणीसाठी तीन महिने मदतनीस हवी होती. जाहिरातीचा मसुदा मी केला. कामाचे तास, कामाचं स्वरूप, वेतन दरमहा अमुक इतकं. ऑफिसातून मसुदा परत आला, आकडा खोडून त्या जागी 'योग्य मानधन' लिहिलेलं. वर पेन्सिलीनं 'वाचनाची आवड असणाऱ्यांस प्राधान्य'. मी दोन्ही खोडलं, आकडा पुन्हा लिहिला आणि मसुदा घेऊन स्वतः वर गेले. आकडा लहान होता, त्याची मलाही लाज वाटत होती. पण लाज वाटते म्हणून तो लपवायचा, तर पुढचीला तो मुलुंडहून येऊन इथे खुर्चीत बसल्यावर कळणार. अर्धा तास बोलणं झालं. आकडा राहिला.

सात अर्ज आले. पहिली आलेली मुलगी खुर्चीच्या पुढच्या कडेला बसली होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "मॅम, मला पुस्तकं खूप आवडतात."

"बरं," मी म्हणाले आणि दाखल नोंदवही तिच्यापुढे सरकवली. तिनं ती दोन हातांनी उघडली, शेऱ्याच्या रकान्यावरून बोट फिरवलं, एका नोंदीपाशी थांबली आणि विचारलं, "हे बांधणीला गेलेलं परत आलं का?"

मी मनातल्या मनात तिची निवड केली. तरी एक विचारायचं राहिलं होतं. जाहिरातीचा कागद तिच्यासमोर ठेवून मी आकड्यावर बोट ठेवलं. "हे वाचलंस ना?"

"हो मॅम," ती म्हणाली. "तो लिहिलेला होता म्हणूनच आले."